सुयांचा इलाज म्हणजे हिजामा नव्हे! अॅक्युपंक्चरला जाण्याआधी एवढे वाचा

सोयाबीनची काढणी आटोपली की वाशीम, रिसोड, मंगरूळपीरकडे घराघरांत कंबरदुखी-गुडघेदुखीचा विषय निघतो. मग कोणी तरी सांगते, ‘सुया टोचून बघा.’ आणि लगेच प्रश्न येतो, हे हिजामाच का? नाही. हिजामात त्वचेवर बारीक चिरा देऊन कपने रक्त ओढतात. अॅक्युपंक्चरची सुई अगदी बारीक आणि भरीव असते. तिच्यातून औषध जात नाही, रक्तही काढायचे नसते.

ही पद्धत चीनची. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली ज्या पथकातून चीनला गेले, त्यातल्याच कोलकात्याच्या डॉ. बसूंनी ती पुढे भारतात आणली. महाराष्ट्रात तिच्यासाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणून नोंदणी आहे का, हे बिनधास्त विचारा.

जुने चिनी शास्त्र ‘ची’ नावाच्या ऊर्जेचे मार्ग मानते. आजचे डॉक्टर म्हणतात, सुईने नसा चेतवल्या जातात आणि शरीर स्वतःची वेदनाशामके सोडते. जुनी कंबरदुखी, गुडघ्याची झीज, अर्धशिशी यांत काहींना आराम पडतो. पण खरे सांगायचे तर अभ्यासांत नकली सुयांनीही पुष्कळांना बरे वाटले; फरक थोडाच निघाला. त्यामुळे ‘शुगर मुळापासून घालवतो, इन्सुलिन बंद करा’ असे कोणी म्हणाले तर अम्मी-अब्बांना घेऊन तिथून सरळ उठा.

आधी दुखण्याची चौकशी होते. सुई मुंगी चावल्यासारखी लागते, मग तिथे जडपणा वाटतो. वीस-तीस मिनिटे पडून राहायचे, आठवड्यातून एक-दोनदा. पाच-सहा वेळा जाऊनही फरक नाही? मग पैसे घालवू नका. सुयांचे सीलबंद पाकीट डोळ्यांदेखत फोडायला सांगा. वापरलेल्या सुईने कावीळ ‘ब’ होऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा.

बायकांनी स्त्री चिकित्सक मागायला लाजू नये. पुष्कळ बिंदू हातावर आणि गुडघ्याखाली असतात. उपाशीपोटी चक्कर येऊ शकते, म्हणून रमजानमध्ये इफ्तारनंतरची वेळ घेतलेली बरी. रोज्यात सुई चालते का, ते आपल्या आलिमांना विचारा.

कंबरदुखीबरोबर पाय बधिर होत असतील किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर सुया नकोत, त्याच दिवशी दवाखाना गाठा.