औषध अर्ध्यावर सुटू नये म्हणून



गंगापूर रोडवरच्या आपल्या कार्यालयात गिरणारे, हरसूल, पेठ, सुरगाणा या बाजूची कुटुंबे मदतीसाठी येतात. त्यांतली काही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे, म्हणजे ल्युकेमियाचे, कागद घेऊन आलेली असतात. अर्पण देणारे आपले सभासद मला विचारतात, "ताई, सरकारी योजना आहे, मुंबईला टाटा रुग्णालय आहे. मग आपला पैसा लागतो कुठे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजावे म्हणून आधी रोगाविषयी थोडे सांगते.

आपले रक्त हाडांतल्या मगजात तयार होते. ल्युकेमियात तेथे कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की मूल पांढरे पडते व दमते. प्लेटलेट घटल्या की अंगावर निळे-काळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. ताप पुन्हा पुन्हा येतो, हाडे दुखतात, गळ्यात किंवा काखेत गाठी लागतात. पाड्यावर अशा मुलाला "अंगात रक्त नाही" असे म्हणतात, कधी मलेरिया तर कधी सिकलसेल समजतात. भगताच्या अंगाऱ्यात आणखी काही आठवडे जातात. अशी लक्षणे एकत्र दिसली, तर ग्रामीण रुग्णालयात रक्ताची साधी तपासणीही पुढचा धोका दाखवू शकते. हा रोग लागट नाही, आणि तो कोणाच्या पापाची शिक्षाही नाही. हे आपण मंडळीत मोकळेपणाने बोलले पाहिजे.

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. श्रीमंत देशांत तो झालेल्या १०० मुलांपैकी सुमारे ९० मुले आज जगतात. मात्र उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. पहिले काही महिने जोरदार औषधांचे, त्यानंतर मर्कॅप्टोप्युरीनची गोळी रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, असे दीर्घकाळ.

खरी अडचण येथेच आहे. पहिल्या महिन्याच्या औषधानेच बहुतेक मुलांना उतार पडतो. ताप जातो, भूक लागते, मूल खेळू लागते. सूक्ष्मदर्शकाखाली रोगट पेशी दिसत नाहीत, पण शरीरात त्या कोट्यवधींनी उरलेल्या असतात. औषध थांबले की त्या पुन्हा वाढतात, आणि उलटलेला रोग पहिल्यापेक्षा अवघड असतो. पेठ तालुक्यातले एक वडील मला म्हणाले, "ताई, पोरगी तर आता हसती-खेळती झाली. आवणी निघून गेली तर वरीसभर खायचं काय?" मुलीवर त्यांची माया कमी नव्हती. घरी आणखी दोन लेकरे होती आणि शेत त्यांची वाट पाहत थांबणार नव्हते. आवणी झाली की द्राक्षबागांची कामे सुरू होतात, दिंडोरी-निफाडकडे निघावे लागते. अशा वेळी "उपचार सोडू नका" एवढे सांगून भागत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात गेल्यास तेथला आरोग्यमित्र पुढची कामे करून देतो. परंतु मुंबईत महिनोन्महिने राहणे, पुन्हा पुन्हा जाणे-येणे आणि आईवडिलांची बुडालेली मजुरी रुग्णालयाच्या बिलावर येत नाही. उपचार सुटतात ते याच खर्चापायी.

या रोगासाठी दान देण्याची परंपरा आपल्या राज्यात जुनी आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियानेच वारल्या. १९३२ मध्ये त्यांच्या नावाने निधी स्थापन झाला, आणि तो ल्युकेमियाच्या संशोधनाला मदत करू लागला. पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले.

याच रुग्णालयाच्या बालविभागात २००९ च्या सुमारास १०० पैकी वीसएक मुले उपचार नाकारत किंवा अर्ध्यावर सोडून जात. मग 'इम्पॅक्ट' या नावाने रुग्णालयाने देणगीदारांच्या साहाय्याने कुटुंबांना पैसा, निवारा, अन्न, रक्त आणि समुपदेशन देण्याची व्यवस्था उभारली. काही वर्षांत हे प्रमाण पाचच्या आसपास आले. आधार मिळाला म्हणून मुले टिकली. निवाऱ्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून अशा मुलांना आईवडिलांसह विनामूल्य ठेवून घेते. औषधाने मुलाच्या चांगल्या पांढऱ्या पेशीही घटतात. फुटपाथवर राहिल्यास साध्या जंतूनेही जीव जाऊ शकतो. म्हणून स्वच्छ खोली हाही उपचारच आहे.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्या सर्वांना पाठ आहे. जखमा बांधून तो निघून गेला नाही. त्याने उतारशाळेचे पैसे भरले, आणि जास्त खर्च झाला तर परतल्यावर देईन असेही सांगितले. तुमचे अर्पण असेच खर्च होते: प्रवासाला, मुंबईतल्या जेवणाला, मागे राहिलेल्या भावंडांच्या किराण्याला आणि आवणीसाठी लावलेल्या मजुरांच्या मजुरीला.

तुम्ही तीन गोष्टी करू शकता. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा लहान रक्कम दर महिन्याला, दोन वर्षे द्या, कारण कुटुंबाचा खर्चही तसाच चालतो. तरुण संघाने रक्तदात्यांची यादी करून ठेवावी. प्लेटलेट सुमारे पाच दिवसच टिकतात, त्यामुळे एका मोठ्या शिबिरापेक्षा हाक मारताच येणारे दाते अधिक उपयोगी पडतात. आणि गोळ्यांवर घरी परतलेल्या मुलाच्या घराची पाड्याजवळच्या मंडळीने आठवड्यातून एकदा विचारपूस करावी. गोळी घेतली का? ताप नाही ना? तपासणीची तारीख कधी आहे? ताप असेल तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.

पेठच्या त्या मुलीच्या वडिलांनी आवणी मजुरांकडून करून घेतली. मुलीच्या गोळ्या अजून चालू आहेत. प्रार्थनेत तिची आठवण ठेवा.