चेंडू कोणाचा?

खेळांच्या नियमपुस्तिका वाचत बसायचं खूळ मला फार वर्षांपासून आहे. कलम कितीही साळसूद दिसलं तरी त्यामागे बहुधा एखादं भांडण असतं, आणि ते उकरून काढण्यात माझ्या बऱ्याच सुट्ट्या खर्ची पडल्या आहेत. बास्केटबॉलमध्ये मी अडकलो तो एकाच प्रश्नापाशी: बॉल दोघांच्याही हातात असतो किंवा कोणाच्याच नसतो, तेव्हा तो कोणाचा?

पीचच्या टोपल्या, डिसेंबर १८९१, स्प्रिंगफील्डमधली वायएमसीएची प्रशिक्षणशाळा, खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ, नऊ-नऊ विद्यार्थी, एक-शून्य असा निकाल – हे वाचकांना ठाऊक आहेच. मला रस आहे तो नेस्मिथनी तेव्हा टाइप करवून घेतलेल्या दोन कागदांत. डिसेंबर २०१० मध्ये सदबीजच्या लिलावात त्यांना ४३ लाख डॉलरच्या वर किंमत आली. तेरा कलमं. बॉल घेऊन पळायचं नाही, मुठीने मारायचा नाही, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. सगळं नीट लिहिलेलं. फक्त खेळ सुरू कसा करायचा याबद्दल एक अक्षर नाही! अकराव्या कलमात रेफरीकडे एक काम सोपवलंय: बॉल कोणत्या बाजूचा हे त्याने ठरवायचं.

सुरुवातीचं कोडं नेस्मिथनी कसं सोडवलं ते त्यांच्या आठवणींत सापडतं. रग्बीत दोन रांगांच्या मध्ये चेंडू टाकतात. इथे तसं केलं तर बंद जिममध्ये हातघाई होणार, हे त्यांनी ओळखलं. म्हणून दोन्ही बाजूंचा एकेकच गडी पुढे बोलवायचा आणि दोघांच्या मध्ये बॉल वर उडवायचा. हाच तो जम्प बॉल.

खरी गंमत नवव्या कलमात आहे. बॉल रेषेबाहेर गेला की जो त्याला आधी हात लावेल त्याने तो आत टाकायचा. टाकायला पाच सेकंद. वाद झालाच तर अंपायरने बॉल सरळ आत फेकायचा. वाचताना काही खटकत नाही. पण ‘आधी हात लावेल’ म्हणजे शर्यत आली, आणि जिमच्या भोवती वर गॅलरी होती. बॉल गॅलरीत गेला की दोन्ही संघ जिन्याकडे सुटायचे. बाहेर गेलेला बॉल खेळात नाही, म्हणून ढकलाढकलीला आवर घालणारं कोणी नाही. धसमुसळेपणा नको म्हणून काढलेला खेळ, आणि त्यातली सगळ्यात मोठी झोंबाझोंबी रेषेच्या बाहेर! हे कलम बदलायला १९१३ साल उजाडलं. बॉलला शेवटचा हात ज्याचा, त्याच्या विरुद्ध संघाला थ्रो-इन. आज हे शाळकरी पोरही सांगेल. तेव्हा सुचायला वीसेक वर्षं लागली.

जम्प बॉलही तसा बिनधोक नव्हता. मार्च १८९३ मध्ये स्मिथ कॉलेजात तिथल्या व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी मुलींचा सामना ठेवला. पुरुषांना आत मज्जाव. बेरेन्सनबाईंनी बॉल वर उडवला आणि त्यांचाच हात मध्यात उभ्या मुलीच्या उंचावलेल्या हाताला असा लागला, की मुलीचा खांदा निखळला. तिला ऑफिसात नेऊन खांदा बसवला, दुसरी मुलगी उभी केली आणि खेळ पुढे चालू. त्या सामन्याची पहिलीच फेक ही! बेरेन्सनबाईंबद्दल मला वाटणारा आदर या प्रसंगामुळे वाढलाच आहे.

पुढचं मोठं भांडण सेंटर जम्पचं. तेव्हा प्रत्येक बास्केटनंतर बॉल पुन्हा मध्यवर्तुळात नेऊन उडवत. म्हणजे ज्याच्याकडे ताडमाड सेंटर, त्याने बास्केट करायची, वर बॉलही परत मिळवायचा. ओरिजिनल सेल्टिक्स संघाचे जो लॅपचिक याच कामात तरबेज होते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कोच सॅम बॅरी यांनी याविरुद्ध मोहीम चालवली. वर्तुळापर्यंत रेंगाळत जाण्यात खेळाची मिनिटं फुकट जातात, आणि ज्याच्यावर बास्केट झाली त्याला बॉल देण्यात अन्याय कसला? पॅसिफिक कोस्टवरच्या संघांनी आधी करून पाहिलं, आणि १९३७-३८च्या मोसमापासून देशभर ही प्रथा गेली. नेस्मिथना ते रुचलं नाही. प्रत्येक वेळी दोघांना समान संधी हे त्यांचं तत्त्व. ते १९३९मध्ये गेले. मी बॅरींच्या बाजूचा. समान संधी म्हणून निघालेली फेक उंचीची मक्तेदारी झाली होती, हे म्हाताऱ्याला दिसायला हवं होतं.

त्या मक्तेदारीची सर्वांत सुंदर टिंगल १९५७ची. कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना, कॅन्सस विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना. कॅन्सस म्हणजे नेस्मिथचंच विद्यापीठ, आणि त्यांच्याकडे सात फुटी विल्ट चेंबरलेन. नॉर्थ कॅरोलायनाचे कोच फ्रँक मॅग्वायर यांनी उडी मारायला पाठवला टॉमी कर्न्स, उंची ५ फूट ११ इंच, संघातल्या बुटक्यांपैकी एक. तो बॉल मिळणार नव्हताच, मग आपला उंच गडी कशाला वाया घालवा? समोरच्याला जरा गोंधळात टाकलेलं बरं. बॉल अर्थातच चेंबरलेनने घेतला. सामना मात्र तीन जादा डावांनंतर नॉर्थ कॅरोलायनाने ५४-५३ असा जिंकला.

यानंतरचा इतिहास उड्या कमी होत जाण्याचा. एनबीएने १९७५मध्ये दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्वार्टरची उडी काढली. अमेरिकी कॉलेजांनी १९८१-८२मध्ये उडीऐवजी पुढचा बॉल कोणाचा हे दाखवणारा बाण स्कोअररच्या टेबलावर ठेवला, जागतिक संघटना फीबाने २००३मध्ये. आता मुंबईत नागपाड्याच्या कोर्टवरही तोच बाण. पहिली उडी जो हरला त्याच्याकडे बाण. पुढे दोघांनी एकदमच बॉल घट्ट धरला, म्हणजे हेल्ड बॉल झाला, बॉल रिंग आणि बोर्डमध्ये अडकला किंवा क्वार्टर सुरू झालं, की आळीपाळीने थ्रो-इन. थ्रो-इन संपला की स्कोअरर बाण फिरवतो. त्या थ्रो-इनदरम्यान फाउल झाला तर बाण जागचा हलत नाही, पण टाकणाऱ्याने नियम मोडला तर त्याची पाळी जाते. इतका बारीक विचार केलाय!

आणि तरी मला बाण आवडत नाही. शेवटच्या मिनिटात एखादा डिफेंडर झेपावतो, समोरच्याच्या हातातल्या बॉलला घट्ट मिठी घालतो, शिट्टी वाजते, आणि बाण दुसरीकडे असल्याने बॉल परत त्याच प्रतिस्पर्ध्याला. या गड्याच्या पदरात काय? एनबीएमध्ये निदान हे दोघेच जवळच्या वर्तुळात उडी मारतात. उंचीचा अन्याय असेल, पण झटापट करणाऱ्यांनाच ती मिटवू देतात.

तीन-तीन जणांच्या खेळासाठी फीबानेच जी वेगळी पुस्तिका काढली, तिच्यात उडीही नाही आणि बाणही नाही. सुरुवातीला नाणं उडवतात. जिंकणाऱ्याने ठरवायचं, बॉल आत्ता घ्यायचा की जादा वेळ आलाच तर तेव्हासाठी राखून ठेवायचा. आणि हेल्ड बॉल झाला की बॉल सरळ बचाव करणाऱ्या संघाला. माझ्या हातात असतं तर हे एवढं एक कलम उचलून मी पाच जणांच्या पुस्तिकेत आजच चिकटवलं असतं.