रेनकोट घेताना लेबल बघा, गोष्ट आपल्या मासळीची आहे



१ ऑगस्टला होड्या परत दर्यात जाणार. त्याआधी रेनकोट, जॅकेट, गमबुटांची खरेदी चालू आहे. म्हणून आज थोडं लेबलबद्दल.

काही महाग जॅकेटांवर पाणी पडलं की अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं खाली येतं. हे काम बऱ्याचदा पीएफएएस नावाच्या रसायनांचं असतं. त्यांतला कार्बन आणि फ्लोरिनचा जोड इतका घट्ट, की ऊन, पाऊस, जंतू, कोणालाच तो सहज तुटत नाही. म्हणून त्यांना 'कायमची रसायनं' म्हणतात. कारखान्यात लेप देताना, पुढे कपडा धुताना, झिजताना ती पाण्यात उतरतात. नदीतून खाडीत, खाडीतून मासळीत आणि शेवटी आपल्या ताटात.

यातलं पीएफओए हे रसायन माणसाला कॅन्सर करतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ साली जाहीर केलं.

आता बेल्जियमचं उदाहरण बघा. अँटवर्पजवळ स्केल्ड नदीकाठी थ्रीएम कंपनीच्या कारखान्यात ही रसायनं बनत. प्रदूषणापायी २०२२ मध्ये कंपनीने तिथल्या सरकारशी ५७ कोटी १० लाख युरोंचा करार केला. पण हीच नदी पुढे नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. तिथे लोकांना सांगावं लागलं, की या खाडीत स्वतः पकडलेली मासळी, सुंगटं, कालवं जास्त खाऊ नका. रसायन कारखान्याचं, पण संशय आला तो मासळीवर!

जग आता हे बंद करतंय. पीएफओए २०१९ पासून स्टॉकहोम कराराच्या यादीत आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२५ पासून बहुतेक कपड्यांत पीएफएएसवर बंदी घातली. फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून आणि डेन्मार्कने १ जुलै २०२६ पासून तशीच बंदी ठरवली.

मुख्य म्हणजे आपल्या कामाला हे रसायन लागतच नाही. पीव्हीसी किंवा रबराचा जाड रेनकोट स्वतःच्या थरानेच पाणी अडवतो. घाम जास्त येतो हे खरं. हलकं, हवा खेळणारं जॅकेटच हवं असेल तर मेण किंवा सिलिकॉनचा लेप असलेलं मिळतं. मात्र त्यावर मासळीचं तेल, डिझेल बसलं की पाणी शिरायला लागतं, म्हणून ते वरचेवर धुवावं लागतं.

खरेदी करताना:

१. लेबलवर 'पीएफएएस फ्री' आहे का बघा. नुसतं 'पीएफओए फ्री' पुरेसं नाही. एक रसायन काढून त्याचंच भावंड वापरलेलं असू शकतं.

२. घरी कापडी जॅकेट असेल तर कोपऱ्यावर खायच्या तेलाचा थेंब टाका. पाण्यासारखाच तेलाचाही गोळा होऊन राहिला, तर पीएफएएस असण्याची शक्यता जास्त. ही पक्की तपासणी नव्हे, अंदाज आहे. पीव्हीसी, रबरावर ही युक्ती चालत नाही.

३. चालू स्थितीतलं जॅकेट लगेच फेकू नका, फाटेपर्यंत वापरा. फाटलेलं जॅकेट किंवा रेनकोट खाडीत टाकू नका, किनाऱ्यावर जाळू नका. कचरागाडीतच द्या.

दुकानदाराला लेबलबद्दल विचारायला लाजू नका. विचारणारे वाढले की तोही माल बदलतो. खाडी साफ राहिली तरच आपल्या मासळीला भाव आहे.

ही माहिती आपल्या तांडेल-खलाश्यांपर्यंत पोचवा.