फ्लिंट शहराचे पाणी

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराची वस्ती 2013 साली सुमारे एक लाख होती. ह्यूरन सरोवराचे शुद्ध केलेले पाणी डेट्रॉईटकडून विकत घेऊन ते तिथे पुरवले जाई. हे पाणी महाग पडू लागले, तेव्हा मार्च 2013 मध्ये नगरपरिषदेने 7 विरुद्ध 1 मतांनी ठरवले, की त्याच सरोवरातून येणाऱ्या नव्या जलवाहिनीच्या योजनेत सामील व्हायचे. ती पुरी होईपर्यंत गावातल्या फ्लिंट नदीचे पाणी वापरायचे, यावर मात्र परिषदेत मतदान झाले नव्हते. आर्थिक अडचणींमुळे राज्य सरकारने शहरावर प्रशासक नेमला होता. शेवटचा शब्द त्याचा. 25 एप्रिल 2014 ला नदीचे पाणी सुरू झाले.

पाण्याचा उगम बदलला की त्याचे रसायनही बदलते. फ्लिंटमध्ये हजारो घरांच्या जोडनळ्या शिशाच्या होत्या. (प्लंबर हा शब्दच मुळी शिशाच्या लॅटिन नावावरून आला आहे.) डेट्रॉईटच्या पाण्यात थोडे ऑर्थोफॉस्फेट घातलेले असे. त्याची शिशाशी प्रक्रिया होऊन नळीच्या आतल्या बाजूस न विरघळणाऱ्या लेड फॉस्फेटचा पातळ थर बसतो आणि पाण्याचा शिशाशी थेट संबंध तुटतो. नदीच्या पाण्यात फॉस्फेट घातलेच नाही. शिवाय त्यात क्लोराइड बरेच जास्त होते. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठ नदीतच येते, आणि शुद्धीकरणासाठी फेरिक क्लोराइड वापरत ते वेगळेच. क्लोराइडमुळे धातूचे क्षरण वाढते. साधे पाणी आणि मिठाचे पाणी यांत लोखंडी खिळे ठेवून हा फरक वर्गातही दाखवता येईल. जुना थर सुटू लागला.

लोखंडी नळ गंजून पाणी तांबूस झाले. गंजण्यात क्लोरीन खर्ची पडल्याने जंतूंनाही वाव मिळाला. लोक बाटल्यांतून तांबडे पाणी घेऊन सभांना येत. पण तो रंग लोखंडाचा होता. खरे विष असलेल्या शिशाला रंग, वास काहीच नसतो. ऑक्टोबर 2014 मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने यंत्रभाग गंजतात म्हणून हे पाणी बंद केले. एवढा इशारा पुरेसा असायला हवा होता!

मार्च 2015 मध्ये परिषदेने पुन्हा 7 विरुद्ध 1 मतांनी डेट्रॉईटच्या पाण्याकडे परतण्याचा ठराव केला. प्रशासकाने तो मानला नाही. मग सप्टेंबरमध्ये डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी बालकांच्या रक्ततपासण्यांचे आकडे मांडले: पाच वर्षांखालील मुलांत रक्तात शिसे जास्त असलेल्यांचे प्रमाण 2.4 टक्क्यांवरून 4.9 टक्क्यांवर गेले होते. शिशाचा मेंदूच्या वाढीवर झालेला परिणाम पुसता येत नाही.

16 ऑक्टोबर 2015 ला जुने पाणी परत आले, फॉस्फेटही वाढवले. तरी सुटलेला थर पुन्हा बसायला महिनोन् महिने लागतात. न्यायालयीन तडजोडीनुसार सुमारे 11 हजार शिशाच्या नळ्या बदलण्याचे काम 2025 मध्ये संपले.