नेम कोठें धरावयाचा?

पूलच्या टेबलाशीं प्रथमच उभा राहणारा मनुष्य बहुधा एकच चूक करतो, आणि तीहि समजून उमजून करतो. समोरचा रंगीत चेंडू कोपऱ्यांतील खिशांत जावा, एवढाच त्याचा हेतु असतो. खिशापासून त्या चेंडूच्या मध्यांतून मनानें सरळ रेषा ओढली, तर ती अलीकडच्या बाजूस जेथें बाहेर पडते, तेथेंच पांढऱ्या चेंडूचा स्पर्श व्हावयास हवा, हें त्यास कळतें. आणि हें गणित अगदीं बरोबर असतें. मग तो पांढऱ्या चेंडूचा मध्य त्या बिंदूवर रोखून क्यूचा ठोसा देतो, आणि चेंडू खिशाच्या कडेवर आपटून परत येतो. पुन्हां प्रयत्न, पुन्हां तोच प्रकार. आपणांस नजरच नाहीं, असें म्हणून पुष्कळजण येथेंच खेळ सोडतात.

वस्तुतः दोष नजरेचा नव्हे. पांढरा चेंडू म्हणजे सुईचें टोंक नव्हे. तो सव्वादोन इंच व्यासाचा गोळा आहे. त्याचा मध्य त्या बिंदूकडे जात असतां त्याची बाजूच आधीं दुसऱ्या चेंडूस भिडते, आणि टोला हवा त्याहून जाड बसतो. समोरच्या चेंडूच्या मध्यापासून स्पर्शबिंदु जितका बाजूस दिसतो, त्याच्या बरोबर दुप्पट अंतरावर नेम धरला पाहिजे. म्हणजे जेथें स्पर्श व्हावयाचा तेथें पाहावयाचें नाहीं! खेळाची सारी अडचण या एका गोष्टींत सांठविलेली आहे.

हा दुप्पट अंतराचा हिशेब डोळ्यांस सोपा व्हावा, म्हणून दोन रीति प्रचारांत आहेत. पहिली मानलेल्या चेंडूची. खिशाच्या रेषेवर, रंगीत चेंडूस चिकटून, आणखी एक चेंडू ठेवला आहे असें समजावें आणि पांढऱ्या चेंडूस त्याच्या जागीं पोंचवावें. कॅरम खेळणारीं मुलें न शिकवितां हेंच करतात. स्ट्रायकर सोंगटीला कोठें टेकेल, तें त्यांना दिसतें. मात्र हा चेंडू मानलेला असल्यानें नवशिक्याच्या डोळ्यापुढें तो स्थिर राहात नाहीं.

दुसरी रीति अंशांची. पांढरा चेंडू समोरच्या चेंडूचा किती भाग झांकतो, तें पाहावयाचें. पूर्ण झांकला तर चेंडू सरळ जातो. पाऊण झांकला तर सुमारे १४.५ अंशांनीं वळतो, अर्धा झांकला तर ३० अंशांनीं आणि पाव झांकला तर सुमारे ४८.६ अंशांनीं. यांत अर्ध्याचा टोला सर्वांत सोयीचा, कारण त्या वेळीं क्यूची रेषा बरोबर समोरच्या चेंडूच्या कडेवर येते. डोळ्यांस धरावयास कांहीं तरी खरेंखुरें मिळतें. पावाच्या टोल्यांत मात्र ती रेषा कडेच्या बाहेर, निव्वळ रिकाम्या जागेंत जाते, आणि तेथें हात कचरतो. इंग्लिश बिलियर्ड्समध्येंहि हा अर्धा टोला पायाभूत मानतात. १९५८ सालीं कलकत्त्यास जागतिक हौशी विजेतेपद मिळविणारे, पुण्यास जन्मलेले विल्सन जोन्स याच खेळांतले.

तथापि चार खुणांनीं काम भागत नाहीं. पाऊण आणि अर्धा यांमध्यें पंधरा अंशांहून अधिक अंतर आहे. अर्ध्या टोल्यांत नेम एक मिलिमीटर चुकला, तरी चेंडूची दिशा एका अंशाहून जास्त फिरते. खिसा चार फूट दूर असेल, तर चेंडू तेथें जवळजवळ एक इंच बाजूस जातो. त्यांतच घर्षण आलें. एकमेकांस घासतांना पांढरा चेंडू दुसऱ्यास किंचित् आपल्याच दिशेनें ओढून नेतो, व हळू टोल्यांत ही ओढ अधिक जाणवते. म्हणून नेम थोडा पातळ धरावा लागतो. फ्रेंच गणिती कोरिओलिस यानें १८३५ सालीं बिलियर्ड्सच्या गणितावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो उगीच नव्हे. अलीकडे मध्य आणि कड जुळवून कोणताहि टोला सांपडतो, असा दावा करणाऱ्या पद्धती अमेरिकेंत पुढें आल्या आहेत, आणि त्यांवर कडाक्याचे वाद झाले आहेत. अशा पद्धतींनीं खेळ सुधारल्याचें सांगणारे खोटें बोलत असतील असें नाहीं. परंतु दोन खुणांमधली जागा त्यांच्याहि डोळ्यांनीं न कळत सरावानेंच भरून काढलेली असावी.

सराव करावयाचा तो असा. रंगीत चेंडूची जागा कापडावर खडूनें बारीक खूण करून ठरवावी. त्यास चिकटून खिशाच्या रेषेवर दुसरा चेंडू प्रत्यक्ष ठेवावा, पांढऱ्या चेंडूच्या मागें उभें राहून तो नीट पाहावा, आणि मग उचलून घ्यावा. नेम उभ्यानेंच ठरवावा व त्याच रेषेंत खालीं वाकावें. वाकल्यावर शंका आली तर तसेंच क्यू हलवूं नये. पुन्हां उभें राहावें. पुष्कळांचा एक डोळा दुसऱ्याहून प्रबळ असतो. बोट लांब धरून दूरच्या वस्तूशीं जुळवावें आणि आळीपाळीनें एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असतां बोट हलत नाहीं, तो प्रबळ. क्यू हनुवटीच्या नेमका मध्यावर धरावा कीं त्या डोळ्याकडे थोडा सरकवावा, हें सरळ टोले मारून ज्याचें त्यानें पाहून घ्यावें.