एक 'द' गाळला तेव्हा

जून १९६७चं अरब-इस्रायल युद्ध सहा दिवसांत आटोपलं तेव्हा सिनाई, गाझा, जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गोलन टेकड्या इस्रायलच्या ताब्यात होत्या. २२ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ एकमताने मंजूर केला. इस्रायली सैन्याने माघार घ्यावी. कुठून, तर 'फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड'. 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही. तो असता तर ताब्यातले झाडून सगळे प्रदेश, असा अर्थ झाला असता. नसल्यामुळे 'काही प्रदेश' असंही वाचता येतं आणि इस्रायल ते तसंच वाचत आला आहे.

हा शब्द नजरचुकीने गळलेला नाही. भारत तेव्हा परिषदेचा सदस्य होता आणि माली व नायजेरियासह त्याने दिलेल्या मसुद्यात 'ऑल द टेरिटरीज' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ब्रिटनच्या लॉर्ड कॅराडन यांच्या मसुद्यातून 'ऑल' आणि 'द' दोन्ही वगळले गेले. म्हणूनच सगळ्यांना त्यावर हात वर करता आले. भारताचे प्रतिनिधी जी. पार्थसारथी यांनी मात्र आपण याचा अर्थ संपूर्ण माघार असाच घेतो, हे नोंदवून ठेवलं. त्यात आणखी गुंता असा, की ठरावाच्या फ्रेंच प्रतीत ते उपपद आहे. अरब देश त्या प्रतीकडे बोट दाखवतात; शिवाय, युद्धाने भूभाग मिळवणं मान्य नाही, हे प्रस्तावनेतच आहे. माझ्या मते नुसत्या व्याकरणावर हा वाद कुणालाच जिंकता येणार नाही. 'द' नाही याचा अर्थ 'सगळे नाहीत' असा होत नाही. 'सगळे' हे उघडपणे म्हटलेलं नाही, एवढंच.

आपल्याकडे शाळेत उपपदं म्हणजे गाळलेल्या जागा, अर्ध्या गुणाची बाब. मराठीत ती नाहीतच, त्यामुळे त्यांचं वजन कानाला कळत नाही. षष्ठीतही तेच. 'आय सोल्ड शेअर्स' म्हणजे शेअर विकले, किती ते गुलदस्त्यात. 'आय सोल्ड माय शेअर्स' म्हटलं की होते नव्हते ते विकले, असं ऐकणारा धरून चालतो. 'माय'च्या पोटात एक 'द' दडलेला असतो. 'द मिनिस्टर्स सन' म्हटलं की मंत्र्यांना एकच मुलगा असावा असं वाटतं; 'अ सन ऑफ द मिनिस्टर' म्हटलं की अनेकांपैकी एक. आपण दोन्हीकडे 'मंत्र्यांचा मुलगा' म्हणून मोकळे.

'द'चं हे वजन प्रयोगातही दिसलं आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९७५च्या प्रयोगात लोकांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली गेली. मग काहींना विचारलं, 'अ ब्रोकन हेडलाइट' दिसला का; काहींना, 'द ब्रोकन हेडलाइट' दिसला का. चित्रफितीत नसलेली गोष्टही 'द' ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना 'दिसली' होती. दिवा फुटला होता हे प्रश्नानेच गृहीत धरलेलं.

एका ठिकाणी मात्र आपलं पारडं जड आहे. 'सुरेश रमेशकडे गेला आणि आपली बॅग घेऊन निघाला' यात बॅग सुरेशची. 'त्याची बॅग' म्हटलं की रमेशची. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज बॅग'. मराठीतला चोरीचा जबाब उच्च न्यायालयासाठी इंग्रजीत करताना 'त्याची बॅग'च्या जागी 'रमेशेस बॅग' असं नाव घालूनच लिहावं लागतं, नाहीतर चोरीच वाक्यातून नाहीशी होते.