उन्हाची वाटणी

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. बंधारा सामाईक, पाट सामाईक, शेते मात्र ज्याची त्याची. कोणत्या पाळीने कोणाला पाणी द्यावयाचे हे पाटकरी पाहत असे, आणि सहसा त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. पाणी नदीचे खरे. परंतु ते शेतात आणावयाचे तर पाट लागतो, आणि पाट आला की नियम आलाच. आज अनेक गावे आणि शहरांतील वसाहती सूर्यापासून वा वाऱ्यापासून सामाईक वीज निर्माण करू पाहत आहेत. त्यांचे यश ऊन किती पडते यापेक्षा पाटकरी काय म्हणतो यावर अधिक अवलंबून असते. येथे पाट म्हणजे विजेची तार, आणि पाटकरी म्हणजे राज्य वीज नियामक आयोग.

२००३ च्या वीज कायद्याने एक महत्त्वाचा भेद केला आहे. वीज निर्माण करण्यास सामान्यतः परवाना लागत नाही. ती वाटण्यास लागतो. आपल्या छपरावर कोणीही पॅनेल बसवावे. पण उरलेली वीज स्वतःची तार टाकून रस्त्यापलीकडील शेजाऱ्यास विकली, की तो गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने वितरक ठरतो. सबब सामाईक प्रकल्पास बहुधा वितरण कंपनीच्या तारेचाच आश्रय घ्यावा लागतो. त्या तारेत शिरलेले युनिट कोणाच्या खात्यावर आणि कोणत्या भावाने मांडावयाचे, हे ठरविणे आयोगाच्या हाती असते.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचे गाव आहे. तेथील सहा शेतकऱ्यांनी सौर पंप बसविले आणि सहकारी मंडळी स्थापन केली. सर्व पंपांची मिळून क्षमता ५६.४ किलोवॅट होती. आता पाहा, पॅनेल वर्षभर वीज देते, पण पिकाला पाणी काही दिवसच हवे असते. उरलेल्या दिवशी ऊन वाया जाणार, किंवा फुकटची वीज आहे म्हणून शेतकरी विहीर उपसत राहणार. ही वीज विकत घेणारा कोणी भेटला, तर पाणी उपसण्यालाही किंमत येते. आज पंप चालवावा की युनिट विकावे, याचा हिशेब शेतकरी आपोआप करू लागतो. २०१६ साली मंडळीने मध्य गुजरात वीज कंपनीशी पंचवीस वर्षांचा करार केला आणि युनिटला ४ रुपये ६३ पैसे भाव ठरला. कंपनीला सहा शेतकऱ्यांशी सहा व्यवहार करावे लागले नाहीत. मंडळीचे एक मीटर, एक बिल. पुढची वाटणी मंडळीने आपसांत करावयाची. माझ्या मते या प्रयोगातील खरी युक्ती पॅनेलात नसून या एका मीटरमध्ये आहे.

मात्र त्याचे मोलही द्यावे लागले. सवलतीच्या दराची शेतीची वीजजोडणी मागण्याचा हक्क या शेतकऱ्यांनी सोडला, आणि तोही पंचवीस वर्षांसाठी. ज्या राज्यात शेतीला स्वस्त वीज मिळते, तेथे हा त्याग लहान नव्हे. शिवाय सुरुवातीच्या काळात आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने युनिटमागे वर काही रक्कम दिली होती. तेव्हा केवळ करारातील भावावर सारे निभावले असे समजू नये. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती यांनाही अर्धा ते दोन मेगावॅटचे प्रकल्प उभारण्यास वाव दिला.

तामिळनाडूत कोईमतूर जिल्ह्यातील ओडनथुरई ग्रामपंचायतीने २००६ साली कर्ज काढून ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली. ही पवनचक्की गावात नाही. दूर वाऱ्याच्या पट्ट्यात आहे. तिकडे तयार झालेली वीज पंचायतीच्या हिशेबात धरता येते, या एका नियमामुळे ज्या गावाला पुरेसा वारा नाही तेही पवनचक्कीचे धनी झाले.

शहरात अडचण निराळी. चाळीत किंवा इमारतीत राहणाऱ्याला स्वतःचे छप्पर नसते. गृहनिर्माण संस्थेला पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांसाठी दहा किलोवॅटहून मोठा संच सहज लागतो. २०२० च्या डिसेंबरअखेर निघालेल्या केंद्रीय नियमांनी दिलेले युनिट घेतलेल्या युनिटातून सरळ वजा करण्याची सोय दहा किलोवॅटपर्यंतच ठेवली. २०२१ च्या जूनमध्ये ती मर्यादा पाचशे किलोवॅटपर्यंत वाढविण्यात आली. मधल्या सहा महिन्यांत ज्या संस्थांनी सर्वसाधारण सभेत ठराव मांडले असतील, त्यांच्या चिटणीसांची कल्पना करावी! दिल्लीच्या आयोगाने २०१९ साली आणखी पुढचे पाऊल टाकले. एका जागी निर्माण झालेली वीज ठरलेल्या प्रमाणात अनेक ग्राहकांच्या बिलांतून वजा करता येईल अशी व्यवस्था त्याने केली. येथे छप्पर कोणाचे हा प्रश्न गौण होतो; हिस्सा किती, एवढेच पाहावयाचे.

वितरण कंपन्यांची तक्रार खोटी आहे असे मात्र म्हणता येणार नाही. दिवसा तारेत वीज सोडणारा ग्राहक रात्री तीच तार वापरतो. तारेचा आणि रोहित्राचा खर्च थांबत नाही. चढ्या दराने पैसे भरणारे ग्राहक निघून गेले, तर शेतीच्या आणि गरिबांच्या सवलतीचा भार उरलेल्यांवर पडतो. तथापि याचा उपाय तारेचे भाडे उघडपणे आकारणे हा आहे; क्षमतेवर मर्यादा घालून किंवा अर्ज महिनोन्‌महिने अडवून तो साधत नाही. भाडे आगाऊ ठाऊक असेल तर बँकेला कर्जाचा हिशेब करता येतो. अडवणुकीचा हिशेब कोणालाच करता येत नाही.

जेथे मोठी तार पोहोचलीच नव्हती, तेथे कायदा उदार होता. राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटण्यास परवाना लागत नाही, असे २००३ च्या कायद्यातच म्हटले आहे. पण पुढे मोठी तार आली तर गावाच्या प्रकल्पाचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते. बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावी २०१४ साली शंभर किलोवॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. थोड्याच काळात सरकारी तार आली, तिची वीज स्वस्त होती, आणि लोक तिकडे वळले. पुढे प्रकल्पाच्या बॅटऱ्या निकामी झाल्या आणि तो बंद पडला. गावकऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. स्वस्त वीज कोण नाकारील? २०१६ साली केंद्राच्या वीजदर धोरणात सुधारणा झाली. मोठी तार पोहोचल्यावर अशा लहान प्रकल्पांची वीज वितरण कंपनीने विकत घेणे बंधनकारक व्हावे, असे त्यात आले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशानेही लहान प्रकल्पांसाठी आपले धोरण आणि नियम केले. धरनईची पॅनेले तोवर दोन वर्षांची झाली होती.